स्लिप म्हणजे चिठ्ठी नव्हे : पळणं, निसटणं, गायब होणं यांचे इंग्रजी वाक्प्रचार पक्के करण्याची रीत

लातूरला माझ्या संध्याकाळच्या वर्गात प्रत्येक नव्या तुकडीला मी पहिल्या आठवड्यात एकच वाक्य फळ्यावर लिहून देतो : ‘द टू मेन गेव्ह द पोलिस द स्लिप अ‍ॅट द बस स्टँड अँड हॅव बीन ऑन द रन एव्हर सिन्स.’ याचं मराठी करायला सांगितलं, की काही वह्यांत हमखास असं उत्तर सापडतं : ‘दोघांनी बस स्टँडवर पोलिसांना चिठ्ठी दिली आणि तेव्हापासून ते पळत आहेत.’

ही मुलं अभ्यासात कच्ची नसतात. अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसणारी आहेत, पाचशे वाक्प्रचारांची यादी तोंडपाठ असलेलीही आहेत. चुकतो तो कामाचा क्रम. आधी सुटा शब्द, मग यादीतला अर्थ आणि वेळ उरला तर वाक्याकडे नजर, असं चालतं. पळण्याच्या वाक्प्रचारांत हा क्रम फार महागात पडतो, कारण यादीत पंचवीस वाक्प्रचारांपुढे ‘पळून जाणे’ हा एकच अर्थ छापलेला असतो. प्रत्यक्षात त्यातला एक रणातून पळतो, एक उधारी बुडवून पळतो, एक पोलिसांना चकवतो आणि एकाच्या बाबतीत तर कुणी जागचं हललेलंही नसतं.

एमपीएससीच्या गट ब आणि गट क मुख्य परीक्षेच्या इंग्रजी अभ्यासक्रमात वाक्प्रचार व त्यांचे अर्थ हा घटक आहे. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांतही असे प्रश्न नेहमी असतात. भाषांतराचं किंवा बातमीचं काम करणाऱ्यांना तर ते रोजच लागतात. खालची रीत या सगळ्यांसाठी आहे. मी इथे इंग्रजी शब्द देवनागरीत देतो आहे. तुमच्या वहीत मात्र ते इंग्रजी लिपीत, स्पेलिंग पडताळूनच लिहा.

तयारी : वही, शब्दकोश आणि घरातली माणसं

दोनशे पानी वही घ्या आणि समोरासमोरची दोन पानं एकत्र वापरा. डावीकडे इंग्रजी वाक्य येईल, उजवीकडे मराठी. एका जोडपानावर पाचाहून जास्त वाक्प्रचार घेऊ नका. खाली जागा मोकळी राहू द्या, ती पुढे लागणार आहे.

शब्दकोश इंग्रजी-इंग्रजीच हवा. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचे विद्यार्थ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यात अर्थाच्या आधी बारीक अक्षरात खुणा असतात : ‘इन्फॉर्मल’, ‘ब्रिटिश’, ‘ओल्ड-फॅशन्ड’, ‘डिसअप्रूव्हिंग’. बहुतेक जण त्या ओलांडून थेट अर्थावर जातात. त्या खुणा अर्थाइतक्याच महत्त्वाच्या आहेत, म्हणून लाल शाईनं वहीत उतरवा.

तिसरी तयारी मी कुणालाच टाळू देत नाही. इंग्रजीला हात लावण्याआधी आपल्याकडे मराठीत काय काय आहे ते गोळा करायचं. मी मुलांना घरी पाठवतो आणि सांगतो, आजी-आजोबांना विचारा, माणूस पळाला हे किती तऱ्हांनी सांगता येतं? दुसऱ्या दिवशी फळा पुरत नाही. धूम ठोकली, पोबारा केला, सुंबाल्या केला, पाठ दाखवली, शेपूट घातलं, ढुंगणाला पाय लावून पळाला, जीव मुठीत धरून पळाला, काढता पाय घेतला, गाशा गुंडाळला, गुंगारा दिला, हातावर तुरी दिल्या, दडी मारली, परागंदा झाला, तोंड चुकवलं, अंग काढून घेतलं, कल्टी मारली. फरार आणि गायब हे शब्द अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आले आणि आपल्याकडच्या रोजच्या बोलण्यात असे मुरले, की ते बाहेरचे वाटतच नाहीत.

ही यादी वहीच्या शेवटच्या पानांवर लिहा आणि प्रत्येकासमोर एका ओळीत प्रसंग टाका. ‘काढता पाय घेतला’ : भांडण पेटणार असं दिसलं आणि काका हळूच उठून निघाले. यात धावणं नाही. ‘गाशा गुंडाळला’ : मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्यानं दुकान बंद करून गाव सोडलं. यातही धावणं नाही. असं लिहीत गेलात, की मराठीत जे भेद आपण नकळत पाळतो ते डोळ्यासमोर येतात. इंग्रजीत शोधायचे आहेत ते हेच भेद.

तपासणी : शेवटच्या पानांवर निदान पंधरा मराठी वाक्प्रचार प्रसंगासह उतरले का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा १ : सुटा वाक्प्रचार वहीत घ्यायचा नाही

यादीतून उचललेला वाक्प्रचार थेट वहीत लिहिणं बंद करा. तो ज्या वाक्यात वापरला आहे ते वाक्य आधी शोधा, कोशातलं असो वा बातमीतलं. वाक्य मिळेपर्यंत वाक्प्रचार बाहेरच थांबू द्या.

‘अ‍ॅट लार्ज’ घ्या. यादीत त्याचा अर्थ ‘मोकाट, फरार’. आता ही वाक्यं पाहा : ‘द लेपर्ड इज स्टिल अ‍ॅट लार्ज’ म्हणजे बिबट्या अजून हाती लागलेला नाही. ‘द पब्लिक अ‍ॅट लार्ज’ म्हणजे सर्वसाधारण जनता. यादीवर विसंबलेला विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी ‘फरार जनता’ लिहून मोकळा होतो, आणि असं उत्तर मी स्वतः तपासलं आहे.

टप्पा २ : चार प्रश्न, याच क्रमानं

वाक्य समोर आलं, की पेन खाली ठेवा आणि चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : कोण, आणि कशापासून? पाठीमागे माणूस आहे, धोका आहे, देणं आहे, शिक्षा आहे की नुसता कंटाळा? दुसरा : खरंच जागा सोडली का? की आहे तिथेच राहून कशातून तरी सुटला? तिसरा : सुटका झाली, की अजून चालू आहे? चौथा : सांगणाऱ्याचा सूर काय आहे? तो दोष देतो आहे, कौतुक करतो आहे, की नुसतं सांगतो आहे?

सुरुवातीचं वाक्य यातून काढू. कशापासून? पोलिसांपासून, म्हणजे पाठलाग किंवा ताबा होता. जागा सोडली? हो, बसस्थानकावरून. सुटका झाली? पहिल्या अर्ध्यात झाली, ‘गेव्ह द स्लिप’ म्हणजे चकवून निसटणं. दुसऱ्या अर्ध्यात ‘ऑन द रन’ आहे, म्हणजे शोध अजून चालू आहे आणि ते हाती लागत नाहीत. यात चोवीस तास धावणं नाही, एखादा नातेवाइकाच्या शेतातल्या खोलीत निवांत झोपलेला असला तरी तो ‘ऑन द रन’च. सूर बातमीचा, सरळ. आता मराठी आपोआप येतं : ‘बसस्थानकावर पोलिसांच्या हातावर तुरी देऊन दोघं निसटले आणि तेव्हापासून फरार आहेत.’

तुरीनं भरलेला मोंढा रोज पाहणाऱ्या पोरांना हा वाक्प्रचार आठवत नाही, कारण त्यांनी ‘स्लिप’ या शब्दाचं मराठी शोधलं, प्रसंगाचं शोधलंच नाही.

खबरदारी : दुसरा प्रश्न गाळू नका. निम्म्या चुका तिथेच होतात. ‘ही एस्केप्ड फ्रॉम प्रिझन’ म्हणजे तो तुरुंगातून पळाला. ‘ही एस्केप्ड प्रिझन’ म्हणजे बहुधा त्याचा तुरुंगवास टळला, तो आत गेलाच नाही. एका ‘फ्रॉम’नं माणूस तुरुंगाच्या आत जातो. आणि ‘हिज नेम एस्केप्स मी’ मध्ये तर कुणीच कुठे जात नाही, मला त्याचं नाव आठवत नाही एवढंच.

टप्पा ३ : गट पाडा

चार उत्तरं हाती आली, की वाक्प्रचार कुठल्या गटात पडतो ते ठरतं. मी पाच गट करतो. वहीत प्रत्येक गटाला वेगळी जोडपानं ठेवा.

*पहिला गट, पाय लावून पळणारे.* ‘टेक टू वन्स हील्स’, ‘टर्न टेल’, ‘मेक अ रन फॉर इट’, ‘मेक अ बोल्ट फॉर इट’, ‘हेड फॉर द हिल्स’. इथे धावणं खरं आहे. ‘टर्न टेल’ला ‘शेपूट घालून पळणे’ इतकं चपखल बसतं, की अडायचं कारण नाही, भित्रेपणाचा डागही दोन्हीकडे सारखाच. ‘टेक टू वन्स हील्स’मध्ये टाचा दिसतात, आपल्याकडे पाय ढुंगणाला लागतात. चित्र एकच आहे, मागून पाहणाऱ्याचं. फक्त आपला वाक्प्रचार घरगुती, बोलण्यातला आहे. लेखी उत्तरात ‘धूम ठोकली’ लिहा.

*दुसरा गट, हातावर तुरी देणारे.* इथे कुणीतरी पकडलेलं असतं किंवा पकडायला टपलेलं असतं. ‘गिव्ह समवन द स्लिप’, ‘फ्लाय द कूप’, ‘द बर्ड हॅज फ्लोन’, ‘जंप बेल’, ‘मेक गुड वन्स एस्केप’, ‘स्लिप थ्रू वन्स फिंगर्स’, ‘स्लिप थ्रू द नेट’. शेवटच्या दोघांवर जरा थांबू या.

‘स्लिप थ्रू वन्स फिंगर्स’ चोराबद्दल असेल तर ‘हातून निसटला’. संधीबद्दल असेल तर आपण ‘हातातोंडाशी आलेला घास गेला’ म्हणतो. तीन गुणांनी पोस्ट हुकलेल्या मुलाबद्दल ‘हातून निसटला’ म्हटलं तर मुलगाच निसटल्यासारखं होतं. ‘स्लिप थ्रू द नेट’ त्याहून नाजूक आहे. चोर जाळ्यातून सुटतो तिथेही ते चालतं, पण फार वेळा ते अशा माणसाबद्दल असतं, ज्याला यंत्रणेनं धरायला हवं होतं, सांभाळायला हवं होतं. बीड-धाराशिवकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, मुलं सोबत जातात, गावच्या शाळेत नाव असतं आणि कारखान्याच्या तळावर शाळा नसते. अशा मुलांबद्दल इंग्रजीत ‘दे स्लिप थ्रू द नेट’ लिहितात. त्याचं मराठी ‘जाळ्यातून निसटतात’ असं केलं तर दोष पोरांवर येतो. ‘त्यांची कुणीच दखल घेत नाही, ती शिक्षणाबाहेर राहतात’ असं करा. पळणारं इथे कुणीच नाही, हात पोचलेला नाही तो आपला.

*तिसरा गट, गुपचूप सटकणारे.* मागे देणं, काम किंवा जबाबदारी असते. ‘डू अ रनर’ हा ब्रिटिश बोलीतला, हॉटेलात खाऊन पैसे न देता पळण्यासाठी हमखास येणारा. ‘डू अ मूनलाइट फ्लिट’ म्हणजे भाडं किंवा कर्ज थकवून रातोरात बिऱ्हाड हलवणं. मुकादमाकडून उचल घेऊन एखादी टोळी पसार झाली, की आपल्याकडे ‘टोळी पळाली’ म्हणतात. इंग्रजीत बोलताना तिथे ‘दे टुक द अ‍ॅडव्हान्स अँड डिड अ रनर’ चालेल. मात्र त्या टोळीवर सक्ती झाली असेल, मारहाण झाली असेल, तर हा शब्द वापरणं अन्याय आहे. तिथे साधं ‘दे फ्लेड’ लिहा. ‘कट अँड रन’ जहाजावरून आला : नांगराचा दोर कापायचा आणि वाऱ्यावर निघायचं. आज तो अडचणीत इतरांना सोडून जाणाऱ्याबद्दल, दोष देतच वापरतात. म्हणून ‘पळून गेला’ कमी पडतं, ‘सगळ्यांना वाऱ्यावर सोडून अंग काढून घेतलं’ हे जवळचं. ‘मेक वनसेल्फ स्केअर्स’ त्या मानानं सौम्य आहे : बाबा चिडलेत, तू जरा नजरेआड हो.

‘फ्रेंच लीव्ह’ परीक्षकांचा आवडता. परवानगी न घेता, निरोप न घेता जाणं. शाळा-कार्यालयाच्या संदर्भात ‘दांडी मारणे’ बसतं. फ्रेंच लोक मात्र याच सवयीला इंग्रजांचं नाव देतात.

*चौथा गट, दिसेनासे होणारे.* ‘व्हॅनिश इंटू थिन एअर’, ‘विदाउट अ ट्रेस’, ‘डू अ डिसअपिअरिंग अ‍ॅक्ट’, ‘लाय लो’, ‘गो टू ग्राउंड’, ‘गो अंडरग्राउंड’. यात आधी दोन वाटा करा. पहिल्या तिघांत माणूस किंवा वस्तू कुठे गेली ते कळत नाही. उरलेल्या तिघांत ती जाणून लपलेली असते.

‘गो टू ग्राउंड’ शिकारीतून आला, कोल्हा बिळात शिरतो तसं. त्याला ‘दडी मारणे’ नेमकं. ‘गो अंडरग्राउंड’ला ‘भूमिगत होणे’. कोशात दोन्ही एकाशेजारी एक दिसतात म्हणून अदलाबदल करू नका. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्याआधी निजामाच्या राजवटीविरुद्ध लढणारे किती तरी कार्यकर्ते भूमिगत होते. त्यांच्याबद्दल ‘दडी मारून बसले’ किंवा ‘फरार होते’ असं आपल्या घरात कुणी बोलणार नाही. निजामाच्या पोलिसांच्या कागदात ते फरारी असतील, आपल्यासाठी ते भूमिगतच. रझाकारांच्या भीतीनं गाव सोडलेल्या कुटुंबांबद्दलही तेच. इंग्रजीत ‘फ्लेड’ लिहा, मराठीत ‘जीव मुठीत धरून गाव सोडलं’. ‘टुक टू देअर हील्स’ तिथे शोभत नाही. चौथा प्रश्न, सुराचा, मी क्रमात का ठेवला आहे ते इथे कळतं.

*पाचवा गट, जागेवर राहून सुटणारे.* ‘अ क्लोज शेव्ह’, ‘बाय द स्किन ऑफ वन्स टीथ’, ‘गेट ऑफ स्कॉट-फ्री’, ‘लेट समवन ऑफ द हुक’, ‘गेट अवे विथ’. सर्वांत जास्त गुण याच गटात जातात, कारण यांच्याकडे बघून पळण्याचा भास होतो आणि पळणं नसतं. ‘क्लोज शेव्ह’ म्हणजे थोडक्यात बचावणं. अपघाताच्या बातमीत आपण ‘किरकोळ जखमांवर निभावलं’ असं सुरेख लिहितो, तसंच काहीसं. ‘स्किन ऑफ वन्स टीथ’ बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातून आला. दातांना कातडी नसते, तेव्हा उरलेलं अंतर किती ते समजून घ्या : कसाबसा, जेमतेम. परीक्षेत पास होण्यालाही तो चालतो. ‘स्कॉट-फ्री’मधला ‘स्कॉट’ म्हणजे जुना कर किंवा वर्गणी, स्कॉटलंडशी त्याचा संबंध नाही. काहीही न भरता, म्हणून काहीही शिक्षा न होता, नामानिराळा. ‘हुक’ माशाच्या गळाचा आहे. ‘लेट हिम ऑफ द हुक’ म्हणजे त्याला अडचणीतून, शिक्षेतून मोकळं केलं.

‘गेट अवे विथ’ जपून हाताळा. ‘द थीव्ज गॉट अवे विथ टू लाख रुपीज’ मध्ये चोर पैसे घेऊन खरंच गेले. ‘ही गॉट अवे विथ अ वॉर्निंग’ मध्ये ताकीद मिळाली आणि निभावलं. आणि ‘शी गेट्स अवे विथ मर्डर’ म्हणजे तिला सगळं माफ असतं, तिला कुणी बोलत नाही. शेंडेफळाबद्दल बहीण-भाऊ असं म्हणतात. बातमीच्या भाषांतरात इथे खरा खून लिहिला गेला, तर एका निरपराध माणसावर केवढा आळ येईल!

तपासणी : एकच वाक्प्रचार दोन गटांत जातो आहे असं वाटलं तर घाबरू नका. दोन वाक्यं लिहा आणि दोन्ही गटांत ठेवा. एकाही गटात जात नसेल तर बहुधा तो पळण्याचा नाहीच. टप्पा ५ पाहा.

टप्पा ४ : मराठी जोडी लावा, मग घरात वाचून दाखवा

आता वहीच्या शेवटच्या पानांकडे वळा आणि प्रसंग जुळेल तो मराठी वाक्प्रचार उचला. वाक्प्रचाराला वाक्प्रचार मिळालाच पाहिजे असा हट्ट नको. नसेल तर साधं, सरळ मराठी लिहा. ओढूनताणून आणलेल्या म्हणीपेक्षा ते केव्हाही बरं.

मग पूर्ण मराठी वाक्य घरातल्या अशा माणसाला वाचून दाखवा, ज्याला इंग्रजी येत नाही. ‘म्हंजी काय?’ असा प्रश्न आला तर वाक्य नापास. एका मुलीनं ‘तो पातळ हवेत नाहीसा झाला’ असं लिहून आईला वाचून दाखवलं. आईनं विचारलं, हवा पातळ कशी असते? मुलीनं तिथल्या तिथे खोडून ‘कुठं गेला, काय झाला, पत्ताच लागला नाही’ असं लिहिलं. याहून चांगली दुरुस्ती मला सुचली नसती.

चित्र सारखं दिसलं तरी अर्थ पडताळा. ‘द बर्ड हॅज फ्लोन’ला ‘पाखरू उडालं’ छान वाटतं. पण आपल्याकडे प्राणपाखरूही उडतं. आजारी माणसाचा विषय चालला असेल तर ऐकणारा दचकेल. तिथे ‘गडी निसटला’ म्हणा.

खबरदारी : कायदा आणि कार्यालय यांच्या कागदांत वाक्प्रचार नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ मध्ये फरारी व्यक्तीसाठीची उद्घोषणा आहे (१ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ मध्ये होती). त्या संदर्भात ‘अबस्कॉन्डिंग’चं मराठी ‘फरारी’च हवं, ‘पसार’ किंवा ‘पोबारा’ चालणार नाही. उलट एखाद्या कंपनीनं न सांगता कामावर यायचं बंद केलेल्या कर्मचाऱ्याला पत्रात ‘अबस्कॉन्डिंग’ म्हटलं असेल, तर तिथे ‘विनापरवानगी गैरहजर’ लिहा. त्याला फरारी म्हटलं तर तो गुन्हेगार ठरतो.

टप्पा ५ : जवळ उभे असलेले परके ओळखा

जोडपानाखाली जी जागा राखली ती यासाठी. प्रत्येक वाक्प्रचाराखाली त्याच्यासारखा दिसणारा, पण वेगळा अर्थ असलेला सोबती लिहा.

टाचांचं कुटुंब सर्वांत मोठं आहे. ‘टेक टू वन्स हील्स’ पळणं. ‘कूल वन्स हील्स’ म्हणजे ताटकळत बसणं. ‘डिग इन वन्स हील्स’ म्हणजे हटून बसणं. ‘हॉट ऑन द हील्स’ म्हणजे अगदी पाठोपाठ असणं. ‘ब्रिंग टू हील’ म्हणजे वठणीवर आणणं. ‘शो अ क्लीन पेअर ऑफ हील्स’ म्हणजे वेगानं इतरांना मागे टाकणं, त्यात पळून जाणंही येतं. चार पर्यायांत हेच एकमेकांशेजारी बसवलेले असतात.

‘टुक फ्लाइट’ म्हणजे पळाला. ‘टुक अ फ्लाइट’ म्हणजे विमानानं गेला. ‘पुट द एनिमी टू फ्लाइट’ म्हणजे शत्रूला पळता भुई थोडी केली. ‘इंटू थिन एअर’ गायब होणं, तर ‘आउट ऑफ थिन एअर’ कुठूनसं अचानक उगवणं. ‘बोल्ट’ पळणं, पण ‘अ बोल्ट फ्रॉम द ब्लू’ म्हणजे ध्यानीमनी नसताना कोसळलेली बातमी. ‘फ्लाय ऑफ द हँडल’ म्हणजे भडकणं. ‘रन द गॉन्टलेट’ म्हणजे चहूबाजूंचा मारा किंवा टीका सोसत जाणं, म्हणजे पळण्याच्या अगदी उलट. ‘आउट ऑफ द वुड्स’ बहुतेक वेळा नकारात येतो : ‘नॉट आउट ऑफ द वुड्स यट’, धोका अजून टळलेला नाही. आणि ‘आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर’ला आपलं ‘आगीतून फुफाट्यात’ तयार आहेच.

टप्पा ६ : सांगाडा पाठ करा

अर्थ कळला तरी वापरताना एखादं टिकलीएवढं अक्षर गळतं आणि सगळं बिघडतं. म्हणून प्रत्येक वाक्प्रचारात काय बदलतं आणि काय बदलत नाही ते अधोरेखित करा.

‘गिव्ह समवन द स्लिप’ : माणूस मध्ये येतो आणि ‘द’ हटत नाही. ‘गेव्ह द पोलिस अ स्लिप’ लिहिलंत, की मात्र खरंच चिठ्ठी दिली. ‘टेक टू वन्स हील्स’ : ‘वन्स’च्या जागी ‘हिज’, ‘हर’, ‘देअर’ येईल, ‘टू’ गाळायचा नाही, आणि पळणारा एकटा असला तरी ‘हील्स’ अनेकवचनीच. ‘व्हॅनिश’नंतर ‘इंटू’, ‘इन’ नाही. ‘मेड गुड हिज एस्केप’ हे तुटक वाटलं तरी बरोबर आहे, त्यात ‘अ’ घुसवू नका.

क्रियापदांची रूपं एका दमात म्हणा, रोज, आठवडाभर. फ्ली, फ्लेड, फ्लेड म्हणजे पळणे. फ्लाय, फ्लू, फ्लोन म्हणजे उडणे. फ्लो, फ्लोड, फ्लोड म्हणजे वाहणे. ‘द बर्ड हॅज फ्लोड’ लिहिलं, की पाखरू मांजरा नदीतून वाहत गेलं.

टप्पा ७ : आठवड्यानंतर उलट बाजूनं

डावं पान झाका. उजवीकडचं मराठी वाचून इंग्रजी वाक्य तोंडानं बोला, मग ताडून पाहा. बहुतेक जण हा टप्पा पहिल्याच दिवशी करतात आणि सगळं येतं म्हणून खूश होतात. त्या दिवशी येतं ते आठवणीतलं ताजेपण असतं. मध्ये सात दिवस जाऊ द्या.

नवं मराठी वाक्य घेऊन केलं तर जास्त चांगलं. मी हे देतो : ‘१६६६ साली शिवाजी महाराज औरंगजेबाच्या पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन आग्र्याहून निसटले.’ चार प्रश्न लावा. पहारा होता, जागा सोडली, सुटका पूर्ण झाली, सूर अभिमानाचा. ‘रॅन अवे’ बाद, ‘टुक टू हिज हील्स’ बाद, ‘डिड अ रनर’ तर मनातही आणू नका. ‘गेव्ह औरंगझेब्ज गार्ड्स द स्लिप’ किंवा ‘मेड गुड हिज एस्केप फ्रॉम आग्रा’ यांपैकी काहीही घ्या, दोन्ही उभे राहतात.

तपासणी : पाचांपैकी चार आले तर पुढचं जोडपान उघडा. तीन किंवा कमी आले तर तेच पान आणखी सात दिवस. घाईनं पाचशेचा आकडा गाठण्यापेक्षा साठ पक्के असलेले बरे.

टप्पा ८ : परीक्षेच्या खोलीत

पर्याय आधी वाचू नका. वाक्य वाचा, चार प्रश्न मनात लावा, मराठीत उत्तर धरा आणि मगच पर्यायांकडे बघा. वाक्प्रचार सुटाच दिला असेल तर मनात एक वाक्य बनवून घ्या. शब्दशः अर्थ असलेला पर्याय, म्हणजे ‘टाचा दुखणे’, ‘विरळ हवेत श्वास घेणे’ यांसारखा, जवळपास नेहमीच सापळा असतो. दोन पर्याय सारखे वाटले तर दुसऱ्या प्रश्नावर परत या : एकात माणूस जागा सोडतो, दुसऱ्यात जागेवर राहून सुटतो. फरक बहुधा तिथेच सापडतो.

वर्णनात्मक उत्तरात आणि भाषांतरात वाक्प्रचार एका परिच्छेदात एकच, आणि तोही सांगाडा पूर्ण आठवत असेल तरच. ‘द’ की ‘अ’ अशी शंका क्षणभरही आली तर ‘एस्केप्ड’ किंवा ‘डिसअपिअर्ड’ लिहून पुढच्या प्रश्नाकडे जा. शंका आलेला वाक्प्रचार पेपर संपल्यावर, घरी जाण्याआधी, वहीत टिपून ठेवा.